उसना डाव

दोन डोक्यांचा गंडभेरुंड पटाच्या मधोमध उभा. त्याच्या एका पंजाखाली माझा नवरा पडलेला, दुसऱ्या पंजाखाली माझा सख्खा भाऊ. आणि माझ्याकडे संजीवनीचे थेंब किती? एक! पुण्यातल्या त्या थंडगार सभागृहात मला जसा घाम फुटला होता, तसा सोलापुरात भर मे महिन्यातसुद्धा फुटत नाही. आख्खं सभागृह श्वास रोखून बसलं होतं. ही बाई कोणाला उचलणार?

पण थांबा. असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काय डोंबल कळणार! पहिल्यापासून सांगते.

मी गिरिजा बिराजदार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं शाळेचे गणवेश शिवायचं युनिट आहे. मी तापट आहे हे त्या आख्ख्या रस्त्याला ठाऊक आहे, त्यामुळे ते लपवत बसत नाही. माझा नवरा बसवराज सौरऊर्जेच्या कंपनीत इंजिनियर. शांत माणूस. आणि धाकटा भाऊ मल्लिनाथ, म्हणजे आमचा मालू. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. तेव्हापासून तो माझ्याचकडे.

आम्ही तिघं बारा वर्षं रणपट खेळतोय. रविवारी युनिट बंद असतं. कापड बेतायचं ते लांबलचक टेबल मोकळं असतं. त्यावर टेलरिंगच्या खडूनं चौकोन आखायचे, झाला नकाशा. डोंगर हवा असेल तर कापडाचा तागा ठेवायचा. बोटाएवढ्या बाहुल्या म्हणजे आम्ही. बसू ढालकरी, त्याच्या बाहुलीचं नाव वीरभद्र. मालू मांत्रिक. मी वैद्य. प्रत्येकाचा डाव आला की एकच गोष्ट करता येते: वार करा, सरका, नाहीतर पडलेल्याला उचला. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. गंमत फाशात नाहीच मुळी. गंमत आहे ती त्या एका गोष्टीत. आत्ता मारू, का आत्ता वाचवू? राक्षसाला दारात अडवू, का आत येऊ देऊ? तिघांनी एकालाच झोडपायचं, का तिघांना वाटून घ्यायचं? भांडणं तर अशी व्हायची की शेजारच्या टॉवेल कारखान्यातला वॉचमन डोकावून जायचा.

आमच्या टेबलाची एक रीत होती, उसना डाव. खेळता खेळता कोणाचा फोन आला, गिऱ्हाईक आलं, तर त्यानं फासा दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि जायचं. घेणाऱ्यानं तो डाव स्वतःच्या डोक्यानं खेळायचा नाही. ज्याचा आहे तो कसा खेळला असता, तसा खेळायचा. परत आल्यावर मी हमखास ओरडायचे, "मी अशी खेळते का रे? बारा वर्षांत एवढंच ओळखलंस मला?"

आणि मग पडछाया आली.

पडछाया मन वाचते असं सांगणारे सगळे फेकतात. मी नीट विचारून घेतलंय. कपाळाला बांधायची एक मऊ पट्टी असते. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त धावतं. पट्टीतून निघणारा लाल प्रकाश कवटीतून आत जातो, थोडा परत येतो, आणि त्यावरून कुठं किती रक्त धावलं याचा अंदाज बांधता येतो. नुसत्या तेवढ्यानं काही कळत नाही. पण तुम्ही लढतीमागून लढती खेळत राहिलात आणि प्रत्येक वेळी पट्टीवर काय उमटलं, मग तोंडातून काय निघालं, याची जोडी साठत गेली, की तुमच्या ठरवण्याची घडी सापडते. माणूस दर वेळी नव्यानं विचार करत नाही हो. जरासा विचार करतो आणि सवयीच्या वाटेला लागतो. त्या वाटेचं तोंड पडछायेला दिसतं. मग ती क्षणात हजारो लढती आतल्या आत खेळून बघते आणि तुमच्या आधी तुमचं उत्तर काढते.

राज्य स्पर्धेत राक्षस तीच खेळवायची. रीत अशी: तुमचा डाव आला की पट्टी तुमच्या कपाळाला बांधायची आणि वाळूचं घड्याळ उलटं व्हायचं. वाळू अर्धी पडली की पडछाया एक पत्ता पालथा ठेवायची. त्यावर तुम्ही काय करणार त्याची पैज. वाळू संपायच्या आत तुम्ही बोलायचं, मग पत्ता उलटायचा. पैज बरोबर निघाली तर तुमचा डाव वाया आणि पंजा अंगावर. चुकली तर राक्षसाचा तोल जाणार आणि त्याला बसणारा पुढचा वार दुप्पट. पत्ता पडल्यावर मन बदलायला मनाई नव्हती. पण माणसं बदलत नाहीत, त्यावरच तर तिची सगळी भिस्त! एकाही टोळीनं तिला हरवलं नव्हतं. जास्तीत जास्त वेळ टिकायचं, एवढीच काय ती फुशारकी.

बाहेर तर वेडच लागलं होतं. अग्निशमन दलात भरती करताना पट्टी. पायलटला पट्टी. आमच्या समाजाच्या वधुवर मेळाव्यात मुलीकडचे पत्रिका बाजूला ठेवून विचारायला लागले, "मुलाची छाया काढलीय का?" मी हसायचे. माझ्यावर पाळी येईपर्यंत हसले.

उपांत्य फेरीत आम्ही सगळ्यांत जास्त टिकलो. अंतिम फेरीत पोचलो! मालू मला उचलून गरागरा फिरवत होता. तेवढ्यात निवेदक मंचावर आला आणि म्हणाला, "आता एक नवी गंमत! बघूया तर, पडछायेला आपल्या खेळाडूंबद्दल काय काय कळलंय!" आणि मागच्या मोठ्या पडद्यावर माझं नाव झळकलं.

'गिरिजा बिराजदार. दोन्ही साथीदार पडले असता कोणाला उचलेल? मल्लिनाथ: ९४ टक्के. बसवराज: ६ टक्के.'

सभागृह खदखदून हसलं. "अरेरे, नवरोबा!" मागून कोणीतरी ओरडलं. बसूही हसला, सगळ्यांत मोठ्यानं. ते हसू मी ओळखते. आमच्या लग्नात माझ्या मामानं त्याच्या नव्या कपड्यांवर बासुंदी सांडली होती, तेव्हा तो असाच हसला होता.

परतीच्या वाटेवर गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे तिघांनाही काही काम नव्हतं.

"बसू, यंत्र आहे ते," मी म्हणाले.

"हो."

"त्याला काय कळतंय?"

"चौऱ्याण्णव टक्के कळतंय."

"दाजी, तसं नसतं ओ," मालू मागून म्हणाला. "अक्का काय मुद्दाम..."

"तू झोप रे मालू."

टेंभुर्णीला चहाला थांबलो. मालू हात धुवायला गेला, तेव्हा बसू कपाकडे बघत म्हणाला, "कंपनी जैसलमेरला जा म्हणतेय. मोठा प्रकल्प आहे. तीन वर्षं. मी नाही म्हणणार होतो."

"होतो म्हणजे?"

"पुढच्या सोमवारी सांगायचंय. बघतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असलं काही मनात ठेवून हा माणूस निवांत चहा पितोय! "जा की मग!" मी म्हणाले. "कोणी अडवलंय?"

त्यानं मान हलवली, कप ठेवला आणि गाडीत जाऊन बसला. मी तिथंच उभी. माझी जीभ हासडून द्यावीशी वाटली मला. अडवायला मीच तर होते. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं, आणि माघार घ्यायची सवय आमच्या घराण्यात कोणाला नाही.

आठवडाभर घरात नुसतं "भाकरी वाढू का" आणि "हो" चाललं होतं. बसूनं माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. पुसून कोपऱ्यात ठेवली. ती बॅग दिसली की मी फडताळ आपटायचे. मी मनाशी पक्कं केलं. रविवारी अंतिम सामन्यात वेळ आलीच तर बसूलाच उचलणार. सगळ्यांसमोर! मग बघू काय म्हणतो.

मालूला मी ते सांगितलं, तर त्यानं कपाळावर हात मारला. "अगं अक्का, तू एवढं घोकून ठरवलंस की पट्टीला ते लगेच कळणार. तू दाजींना उचलायला वाकणार आणि पंजा दोघांवर पडणार."

"मग तुला उचलते."

"तेही तिला कळणार."

"मग मी करू तरी काय?"

"विचारच करू नकोस," मालू म्हणाला. आता मी, आणि विचार न करणार!

आणि रविवारी नेमकं तेच झालं. गंडभेरुंडानं पहिल्या चार फेऱ्यांत आम्हाला धुऊन काढलं. बसूनं ढाल पुढं केली की पत्ता निघायचा, 'ढाल पुढं करील'. मालूनं आग टाकली की पत्ता निघायचा, 'आग टाकील'. दोघंही आडवे झाले. पडलेला दोन फेऱ्यांत उठला नाही किंवा कोणी त्याला पंजाखालून बाहेर ओढलं नाही, तर तो कायमचा गेला. त्याची बाहुली सामना चालवणारा सूत्रधार पेटीत बंद करणार आणि परत देणार नाही. बारा वर्षांचा वीरभद्र, ढालीवरचा रंग उडालेला, पंजाखाली उताणा पडला होता.

डाव माझा. सूत्रधार म्याकल मॅडमनी वाळूचं घड्याळ हातात घेतलं. "गिरिजाताई, तयार?"

तयार कसली! डोक्यात नुसता भोवरा. बसूला उचलू, ते तिला कळलंय. मग मालूला. पण मी उलटं वळणार हेही तिला कळलं असणार. मग बसूला. पण ते तर... पट्टीखाली कपाळ तापलं होतं. समोर बसू बसला होता, माझ्याकडे न बघता. आणि एकदम माझ्या मनात आलं: ही यंत्राची बया मला ओळखते, बसूला ओळखते. पण बसू मला किती ओळखतो, हे तिला कुठं माहीत आहे?

मी कपाळावरची पट्टी ओढून काढली.

"उसना डाव!" मी ओरडले.

"काय?" निवेदक गडबडला.

"नियम आहे की! एका सामन्यात एकदा खेळाडूला आपला डाव साथीदाराला देता येतो. मी माझा डाव बसवराजला देते."

खरंच होता तो नियम. मधेच कोणाला उठून जायची गरज पडली तर, म्हणून ठेवलेला. आजवर कोणी वापरला नव्हता. निवेदक म्हणाला, "पण ते तर पडलेत!" म्याकल मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "पडलाय तो वीरभद्र. बसवराज धडधाकट खुर्चीत बसलेत. चालेल."

टाळ्या, शिट्ट्या! बसू उठून माझ्या खुर्चीपाशी आला. "वेडी आहेस का?" हळूच म्हणाला.

"आमच्या टेबलाची रीत आठवते ना? माझ्यासारखा खेळ." मी त्याच्या कपाळाला पट्टी बांधली. किती दिवसांनी हात लावला होता त्या माणसाला.

वाळू पडायला लागली. बसू माझ्या जागेवरून पटाकडे बघत होता. बारा वर्षं तो नेहमी समोरच्या बाजूला, राक्षसाला खेटून. इथून त्यानं पट कधी पाहिलाच नव्हता. अर्धी वाळू पडली. पत्ता पालथा पडला, टप्प!

तो पुटपुटायला लागला. उसना डाव खेळताना आम्ही सगळेच पुटपुटतो. "मी गिरिजा. थेंब एक. माझ्यानंतर लगेच मालूचा डाव. मालू उठला तर तो आग टाकेल. मालूला स्वतःहून उठता येत नाही. बसूला येतं. ढालकऱ्याला जिद्दीचा एक फासा असतो, दहाच्या वर पडला की उभा. म्हणजे मालूला थेंब लागणारच. आणि बसू काय..."

तो थांबला.

"बसू काय?" म्याकल मॅडमनी विचारलं. "वाळू संपतेय."

"बसू उठेलच," तो म्हणाला. मग वळून माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा असा झाला होता की माझे डोळे भरले. "तुला इथून मी असा दिसतो होय गं?"

"मग कसा दिसणार?" मी म्हणाले. "तुला धरूनच तर बाकी सगळं मांडते मी!"

"संजीवनी मल्लिनाथला!" बसू गरजला.

पत्ता उलटला. 'बसवराजला उचलेल.'

चुकली! पडछाया चुकली! तिनं पट्टीखालचा दुखावलेला नवरा वाचला होता. तो माझा डाव माझ्या मनानं खेळेल, हे तिच्या हजार लढतींत कुठंच नव्हतं. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मालूची बाहुली उठली. गंडभेरुंडाचा तोल गेलेला. पडछायेनं मालूसाठी पैज लावली होती, 'मागं सरकेल'. कारण मरता मरता वाचलेला मालू नेहमी मागं सरकतो. पण त्या पोराच्या अंगात तेव्हा काय संचारलं होतं कोणास ठाऊक. "आग!" तो किंचाळला. फासा अठरा. दुप्पट वार. एक डोकं खलास!

आता बसूचा जिद्दीचा फासा. तो आपल्या खुर्चीत परतला, फासा कपाळाला लावला आणि टाकला. गडगडत गेला. सहा.

सहा! वीरभद्र उठला नाही. बसू उठेलच, असं बारा वर्षं मी धरून चालले होते, आणि तो पडलेलाच होता.

पुढची फेरी. पट्टी परत माझ्या कपाळावर. गंडभेरुंडाचं एकच डोकं उरलेलं, एका घावात जाईल असं. माझ्याकडे कोयता होता. मारू शकत होते! मालू ओरडत होता, "अक्का, हाण!" आणि माझ्या मनात वारच होता, खोटं कशाला बोलू. आतापर्यंत न हरलेल्या यंत्राला हरवायचं, तेही माझ्या हातानं! अर्धी वाळू पडली. पत्ता पालथा पडला.

आणि मग मी बसूकडे बघितलं. तो पंजाखालच्या त्या बाहुलीकडे बघत होता. ही फेरी संपली की ती पेटीत जाणार होती, आणि त्यानं 'मला उचल' म्हणून एका शब्दानं सांगितलं नव्हतं. आजच काय, कधीच सांगितलं नव्हतं.

"वार नाही," मी म्हणाले. "मी वीरभद्राला ओढून बाहेर काढते."

"अक्का!" मालूनं डोकं धरलं.

म्याकल मॅडमनी पत्ता उलटला. 'वार करील.'

मी मारलं असतं तर तिथंच आम्ही संपलो असतो. गंडभेरुंड पुन्हा कलला, मी वीरभद्राला दोन्ही हातांनी उचलून पटाच्या कडेला आणला, आणि पुढं काय झालं ते मला नीट आठवतही नाही. मालूचा डाव, वाळू, पत्ता, "आग!" आणि असा कल्ला की छत खाली येतंय असं वाटलं. दुसरं डोकं पडलं होतं. पडछाया हरली होती! अनोळखी बायका येऊन माझ्या गळ्यात पडत होत्या. मालू टेबलावर चढून नाचत होता. म्याकल मॅडम त्याला "उतर, उतर" म्हणत स्वतःच टाळ्या वाजवत होत्या.

निवेदक माइक घेऊन धावत आला. "अविश्वसनीय! पडछायेनं आत्ताच तुमची छाया नव्यानं काढलीय. गिरिजाताई, बघायचा का नवा आकडा? नवरा का भाऊ?"

"दाखव, दाखव!" मालू ओरडला. लोकही ओरडायला लागले. मलाही बघायचा होता, का नाही बघायचा?

बसूनं निवेदकाच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे. ज्याला काय विचारायचंय त्यानं मला विचारावं. मी इथंच आहे."

त्यानं सहजच म्हटलं असेल. पण माझ्या डोक्यात लख्ख झालं. आठवडाभर मी फडताळं आपटली, तोंड फुगवून बसले, राक्षसाच्या पंजाखालून त्याला ओढून काढलं. पण एक साधी गोष्ट मी त्याला अजून म्हणालेच नव्हते. तो नाही जाणार, असं धरून चालले होते.

"बसू," मी म्हणाले, "जैसलमेरला जाऊ नकोस."

माइक चालू होता. आख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं. जाऊ दे गेलं तर.

"का?" बसूनं विचारलं. शांतपणे, डोळे रोखून.

"का म्हणजे? मला करमणार नाही, म्हणून! तू नसलास तर मी कोणाशी भांडू? घर खायला उठेल मला. माझं लग्न झालंय तुझ्याशी, त्या बॅगेशी नाही. नको जाऊस. मी सांगतेय म्हणून नको जाऊस."

मी घळाघळा रडत होते आणि त्याची लाजही वाटत नव्हती. बसूनं आपल्या रुमालानं माझं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, हजार लोकांसमोर.

"हे टेंभुर्णीलाच म्हणाली असतीस तर?"

"तर काय?"

"तर मी आज खुशीत खेळायला आलो असतो," तो म्हणाला, "तुझ्या खुर्चीत बसलो नसतो, आणि आपण आपटलो असतो!"

मग त्यानं खिशातून फोन काढला. सोमवारची वाट न बघता, तिथंच मंचावर उभ्या उभ्या, साहेबांना सांगितलं, "सर, बसवराज बोलतोय. जैसलमेरला मी जात नाही. नाही, पगाराचं काही नाही. घरचे सोडत नाहीत."